साखळी, थंडी आणि पंधरा कुत्रे

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा मोबाइलवर वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर.

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. कुत्र्याला थंडी वाजते का?

आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं असतं. "त्याला कसली थंडी? अंगावर एवढे केस आहेत की!" हे वाक्य तुम्ही सोसायटीच्या वॉचमनकडून ऐकलं असेल, गावाकडे आजोबांकडून ऐकलं असेल. गंमत म्हणजे हेच वाक्य मनात धरून शंभरेक वर्षांपूर्वी माणसं आपली जनावरं घेऊन पृथ्वीवरच्या सगळ्यात थंड जागी गेली. पुढे जे झालं त्यातून आपण बरंच शिकलो, आणि त्या शिकवणीची किंमत जनावरांनी भरली.

तर आज गोष्ट १९१० ते १९६० या पन्नास वर्षांची. यात घोडे आहेत, खेचरं आहेत, एक मांजर आहे आणि भरपूर कुत्रे आहेत. आणि हो, यात थोडा भारतही आहे. थोडा म्हणजे कसा, ते ऐकाच.

महूचा कॅप्टन आणि मांचुरियाचे घोडे

१९१० साली ब्रिटिश नौदलातला कॅप्टन रॉबर्ट फाल्कन स्कॉट दक्षिण ध्रुवाकडे निघाला. जहाजाचं नाव टेरा नोव्हा. ओझं ओढायला त्याने तीन प्रकार घेतले: मोटारीवर चालणाऱ्या घसरगाड्या, कुत्रे आणि १९ घोडे. घोडे म्हणजे मांचुरियातली बुटकी, दणकट तट्टं. थंड मुलखातली आहेत, म्हणजे थंडी सोसतीलच, असा हिशेब.

या घोड्यांची जबाबदारी होती लॉरेन्स ओट्स या लष्करी अधिकाऱ्यावर. मोहिमेत येण्याआधी हा माणूस कुठे होता माहितीये? महूच्या छावणीत. इंदूरजवळचं महू, बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मगाव, तेच. ओट्सला घोड्यांची चांगली पारख होती. मात्र ही तट्टं विकत घेताना तो तिथे नव्हता. तट्टं पाहिल्यावर त्याने कपाळावर हात मारला. काही म्हातारी होती, काही आधीच लंगडत होती.

आता थोडं शरीरशास्त्र. काळजी करू नका, परीक्षा नाहीये. घोड्याला आपल्यासारखाच सगळ्या अंगाला घाम येतो. ओझं ओढलं की तो घामाने भिजतो. उणे तापमानात हा घाम अंगावरच गोठतो. म्हणजे केसांची जी रजई त्याला ऊब देणार, तीच बर्फाची चादर होऊन बसते. वरून खुरं लहान, त्यामुळे मऊ बर्फात पाय पोटापर्यंत रुतायचे. दर मुक्कामाला माणसं आधी घोड्यांसाठी बर्फाच्या भिंती रचायची, वारा अडावा म्हणून. अंगावर घोंगड्या घालायची. स्वतःच्या जेवणाचं नंतर बघायची. त्यांनी जीव लावला नाही असं कुणीच म्हणू शकणार नाही.

पण जीव लावून काय होणार? घोडं त्या जागेसाठी नव्हतंच. दोन तर वाटेतल्या समुद्री वादळातच मेले. १९११च्या सुरुवातीला अन्नाचे साठे पुढे नेऊन ठेवण्यासाठी आठ घोडे नेले, त्यातले दोनच जिवंत परतले. १ नोव्हेंबर १९११ला ध्रुवाच्या वाटेवर दहा घोडे निघाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोठं वादळ आलं. उबदार, ओला, चिकट बर्फ पडत राहिला. घोडे चिंब भिजले, थकले. ९ डिसेंबरला उरलेल्या सगळ्या घोड्यांना गोळ्या घालाव्या लागल्या.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. त्या वादळात हवा त्या मानाने गरम होती. घोड्यांना संपवलं ते ओलाव्याने आणि वाऱ्याने. थर्मामीटरवरचा आकडा एकटा कधीच सगळं सांगत नाही.

गुलाब, बेगम, राणी आणि लाल खान

आता भारताचा भाग. ओट्सला हिंदुस्थानातल्या लष्करी खेचरांचा अनुभव होता. पुढच्या हंगामासाठी हिमालयातली खेचरं मागवा, हा सल्ला त्याचाच. त्याप्रमाणे भारतातल्या ब्रिटिश सैन्याकडून सात खेचरं १९१२च्या सुरुवातीला अंटार्क्टिकावर पोचली. त्यांची नावं ऐका: गुलाब, बेगम, राणी, प्यारी, अब्दुल्ला, लाल खान आणि खान साहिब. दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर अशी नावं पुकारली गेलीयत, हे शाळेत कुणी सांगितलं होतं का आपल्याला?

ही खेचरं तयारीनिशी आली होती. बर्फात पाय रुतू नये म्हणून खुरांना बांधायचे बर्फजोडे. बर्फाच्या चकाकीने डोळे जाऊ नयेत म्हणून गॉगल. अंगावर घालायला झुली. कुणीतरी बसून विचार केला होता, की या जनावराला तिथे नेमकं काय काय सोसावं लागणार आहे.

स्वभावाने मात्र खेचरं ती खेचरंच. समोर ठेवलेला चारा नको, पण दोर, घोंगडीची कड, चहाचा चोथा हे सगळं आवडीने खायची.

तोवर स्कॉट, ओट्स आणि त्यांचे तीन सोबती ध्रुवावरून परतताना मेले होते. त्यांना शोधायला १९१२च्या ऑक्टोबर महिन्याच्या शेवटी जी तुकडी निघाली, तिच्या घसरगाड्या या खेचरांनी ओढल्या. १२ नोव्हेंबर १९१२ला स्कॉटचा तंबू सापडला. ज्याने खेचरं मागवली, तो ओट्स मात्र काही सापडला नाही. आपल्यामुळे सोबत्यांना उशीर होतोय हे कळल्यावर तो वादळात एकटाच तंबूबाहेर निघून गेला होता.

आमुनसेनचा वेगळा हिशेब

त्याच वर्षी नॉर्वेचा रोआल आमुनसेन स्कॉटच्या आधी, १४ डिसेंबर १९११ला ध्रुवावर पोचला होता. त्याच्याकडे घोडे नव्हते, ग्रीनलँडचे कुत्रे होते. निघताना ९७ होते, वाटेत पिल्लं झाली आणि उतरताना ११६ झाले.

कुत्र्याला घोड्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, आणि घाम येतो तो मुख्यतः पंज्यांना. या उत्तरेकडच्या कुत्र्यांना केसांचे दोन थर असतात: आत मऊ, दाट लोकर आणि वर लांब, पाणी झटकणारे केस. झोपताना ते गोल मुटकुळं करतात आणि झुबकेदार शेपूट नाकावर घेतात. अंगावर बर्फ साचला तर तोसुद्धा वारा अडवतो.

हे सगळं असूनही आमुनसेनने "केस आहेत की" म्हणून त्यांना उघड्यावर टाकलं नाही. जहाजावर मूळ डेकच्या वर लाकडी पट्ट्यांचा आणखी एक डेक ठोकला, म्हणजे कुत्रे पाण्यात बसणार नाहीत. तळावर त्यांच्यासाठी वेगळे तंबू उभारले आणि जमीन खोल खणून घेतली, म्हणजे वारा लागणार नाही. दिवसा मोकळं फिरायला, रात्री आडोशाला.

आणि तरीही तो एकदा चुकला. ध्रुवावर आधी पोचायच्या घाईत तो ८ सप्टेंबर १९११लाच निघाला. थंडी अजून ओसरली नव्हती. तापमान उणे ५६पर्यंत गेलं. कुत्र्यांचे पंजे गारठले, काही कुत्रे बसल्या जागी गोठून मेले. आमुनसेनला माघारी फिरावं लागलं. जगातले सगळ्यात काटक कुत्रे, जगातला सगळ्यात तयार माणूस, तरी थंडीची एक हद्द असते आणि ती ओलांडली की ती कुणाचं ऐकत नाही.

आमुनसेनला हिरो करून मी हा भाग संपवणार नाही. तो ५२ कुत्रे घेऊन ध्रुवाकडे निघाला आणि ११ घेऊन परतला. बाकीचे बहुतेक त्याने ठरवून मारले, इतर कुत्र्यांना आणि माणसांना खायला. हा हिशेब त्याने आधीच वहीत मांडलेला होता. त्याने कुत्र्यांना थंडीपासून जपलं, पण ते कामापुरतं.

सशाची कातडी विसरली तेव्हा

आता ध्रुव बदलू. अलास्का, जानेवारी १९२५. नोम नावाच्या गावात घटसर्पाची साथ आली. लहान मुलं दगावायला लागली. औषध बर्फापलीकडे, शेकडो मैल दूर. नेनाना ते नोम अशी सुमारे १,०८५ किलोमीटरची वाट २० गाडीवानांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी एकमेकांच्या हातात औषध देत साडेपाच दिवसांत पार केली. २ फेब्रुवारीच्या पहाटे औषध नोमला पोचलं. शेवटचा टप्पा पळवणारा बाल्टो जगप्रसिद्ध झाला, त्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये आहे. सगळ्यात लांब आणि सगळ्यात धोक्याचा टप्पा मात्र लेनर्ड सेपाला या गाडीवानाचा आणि त्याच्या तोगो या म्होरक्याचा. तोगो तेव्हा १२ वर्षांचा होता. कुत्र्यांच्या हिशेबात आजोबाच.

पण मला आज सांगायचंय ते चार्ली एव्हान्स नावाच्या गाडीवानाबद्दल. त्याच्या टप्प्यावर तापमान उणे ५०च्याही खाली होतं. अशा थंडीत कुत्र्याच्या पोटाखाली, मागच्या पायांच्या मध्ये जिथे केस विरळ असतात, तिथे गाडीवान सशाची कातडी बांधायचे. एव्हान्स ती घ्यायला विसरला. त्याच्या दोन म्होरक्या कुत्र्यांना नेमकं तिथेच हिमदंश झाला. ते कोसळले. एव्हान्सने त्यांना गाडीत घातलं, स्वतः पट्टा खांद्याला लावला आणि गाडी ओढत मुक्काम गाठला. दोन्ही कुत्रे वाचले नाहीत.

म्हणून "अंगावर केस आहेत की" हे वाक्य अर्धवट आहे. केस सगळीकडे सारखे नसतात. कान, शेपटीचं टोक, पंजे आणि पोटाचा खालचा भाग, थंडी आत शिरते ती इथून.

पंधरा कुत्रे आणि एक मांजर

आता आजची मुख्य गोष्ट.

नोव्हेंबर १९५६. दुसरं महायुद्ध हरून जपानला ११ वर्षं झालेली. देश पुन्हा उभा राहत होता, आणि सोया नावाच्या जहाजातून जपानी शास्त्रज्ञांची पहिली तुकडी अंटार्क्टिकाला निघाली. शाळकरी मुलांनीसुद्धा या मोहिमेसाठी पैसे जमवले होते. सोबत होते साखालिन जातीचे सुमारे वीस कुत्रे, होक्काइदो बेटावरून गोळा केलेले. आणि एक तिरंगी बोका. तिरंगी मांजर बहुतेक मादीच असते, तिरंगी बोका फार दुर्मीळ, म्हणून जपानी खलाशी त्याला शुभ मानतात. मोहिमेचे प्रमुख नागाता ताकेशी यांच्यावरून त्याचं नावही ताकेशीच ठेवलं!

२९ जानेवारी १९५७ला शोवा नावाचा तळ उभा राहिला आणि ११ माणसं तिथे हिवाळा काढायला थांबली. कुत्र्यांची देखभाल करणाऱ्यांत किकुची तोरू होता, आणि कितामुरा ताइइची नावाचा तरुण संशोधक होता. वर्षभर या कुत्र्यांनी घसरगाड्या ओढल्या. शिरोको नावाच्या एकुलत्या एक कुत्रीला आठ पिल्लं झाली. सगळ्यात लहान होते तारो आणि जिरो हे दोघे भाऊ, वाक्कानाइ गावाजवळ १९५५मध्ये जन्मलेले.

फेब्रुवारी १९५८. जुन्या तुकडीने परत जायचं आणि नव्या तुकडीने जागा घ्यायची असं ठरलेलं. पण समुद्र गोठला होता. सोया बर्फात अडकलं, अमेरिकेच्या बर्टन आयलँड या बर्फफोड्या जहाजाने त्याला मदत केली, तरी तळाजवळ जाता येईना. मग छोट्या विमानाने अकरा माणसांना जहाजावर आणलं. ताकेशी बोका आला. शिरोको आणि तिची पिल्लं आली.

पंधरा मोठे कुत्रे तळावरच राहिले. साखळीला बांधलेले.

त्यात दुष्टावा नव्हता. हिशेब सरळ होता: काही दिवसांत नवी माणसं उतरतील, त्यांना कुत्रे जागेवर सापडले पाहिजेत. पण हवामान बिघडतच गेलं. २४ फेब्रुवारीला नवी तुकडी उतरवण्याचा बेत रद्द झाला आणि जहाजाने तोंड फिरवलं. कितामुराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आपणच बांधलेल्या साखळ्या, आपल्याच डोळ्यांसमोर मागे पडत चाललेल्या.

जपानमध्ये मोठा गदारोळ झाला. लोक चिडले, रडले. जुलै १९५८मध्ये ओसाकाजवळच्या साकाइ शहरात त्या पंधरा कुत्र्यांचं स्मारकही उभं राहिलं. इकडे शोवा तळावर तेव्हा ध्रुवीय रात्र चालू होती. तिथे मेअखेरीपासून सुमारे दीड महिना सूर्य उगवतच नाही.

१४ जानेवारी १९५९. तिसरी तुकडी हेलिकॉप्टरने तळाजवळ पोचली. खाली दोन काळे ठिपके हलत होते. दोन कुत्रे. जिवंत. चांगले गुबगुबीत.

कितामुरा या तुकडीतही होता. त्याला तळावर नेलं. पण कुत्रे जवळ येईनात आणि त्यालाही ते ओळखता येईनात, इतके ते भरले होते. त्याने एकेक नाव घेऊन हाक मारायला सुरुवात केली. 'तारो' म्हटल्यावर एकाची शेपूट हलली. 'जिरो' म्हटल्यावर दुसऱ्याने पुढचा पाय उचलला. ती त्याची जुनी सवय होती.

बाकीच्यांचं काय? सात कुत्रे साखळीलाच मेलेले सापडले. आठ जण गळपट्ट्यातून मान सोडवून निसटले होते. त्यातले सहा कधीच सापडले नाहीत. राहिले ते तारो आणि जिरो.

त्यांनी अकरा महिने काय खाल्लं असेल? मेलेल्या सोबत्यांना त्यांनी तोंड लावलेलं नव्हतं. पेंग्विन, सील, सीलची विष्ठा असे बरेच अंदाज आहेत. नेमकं काय झालं ते पाहायला तिथे कुणीच नव्हतं.

जिरो अंटार्क्टिकातच कामाला राहिला आणि जुलै १९६०मध्ये शोवा तळावरच गेला. तारो १९६१मध्ये जपानला परतला, साप्पोरोच्या विद्यापीठाच्या बागेत राहिला आणि ऑगस्ट १९७०मध्ये म्हातारा होऊन गेला. १९८३मध्ये या गोष्टीवर जपानी सिनेमा आला आणि तुफान चालला. २००६मध्ये डिस्नेने त्याचा 'एट बिलो' केला. त्यात आठांपैकी सहा कुत्रे वाचतात. खऱ्या गोष्टीत पंधरांपैकी दोन.

मग मारलं कुणी?

या गोष्टीकडे लोक चमत्कार म्हणून बघतात. मी जरा वेगळी आकडेमोड करतो. पंधराही कुत्रे एकाच जातीचे, एकाच थंडीत, एकाच तळावर. साखळीला राहिले ते सातही मेले. जे दोन वाचले, ते सुटलेल्यांपैकी होते. सुटले म्हणजे वाचलेच असं नाही, सहा हरवलेच. पण बांधलेल्यांपैकी वाचला एकही नाही.

मोकळं जनावर आडोसा शोधतं. दुसऱ्याला चिकटून झोपतं. ओली जागा सोडून कोरड्या जागी जातं. भूक लागली तर हिंडतं. बांधलेल्या जनावराकडून हे सगळं आपण काढून घेतलेलं असतं. त्याच्या वतीने ते करायची जबाबदारी मग पूर्णपणे आपली. आपण जागेवर नसलो, तर ती जबाबदारी कुणाचीच नाही.

आणि इथे एक योगायोग बघा. ज्या १९६०मध्ये जिरो गेला, त्याच वर्षी भारताच्या संसदेने प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा केला. त्याच्या कलम ११मध्ये साखळीचा उल्लेख आहे. जनावराला गैरवाजवी वेळ, गैरवाजवी आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणं हा गुन्हा. कुत्रा कायम बांधून ठेवून त्याला फिरवायला न नेणं हाही गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड किती ठेवला होता? १० ते ५० रुपये. एक वडापाव आणि कटिंग चहा.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१७मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. तापमान शून्य सेल्सिअसच्या खाली गेलं, की कुत्रा बाहेर अर्ध्या तासापेक्षा जास्त बांधून ठेवता येत नाही. आणि अंटार्क्टिका? तिथल्या पर्यावरण करारानुसार १ एप्रिल १९९४च्या आत सगळे कुत्रे बाहेर काढावे लागले. कारण मात्र कुत्र्यांची दया नव्हतं. कुत्र्यांचे रोग तिथल्या सीलना लागतील ही भीती होती. असो, सुटले ते सुटले.

आता आपल्या दारात

"अरे, पण आपल्याकडे कुठे उणे चाळीस?" बरोबर. पण निफाडचा पारा थंडीच्या लाटेत चार-पाच अंशांवर येतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात. आणि आपले रस्त्यावरचे कुत्रे साखालिनचे नाहीत. त्यांना आखूड केसांचा एकच पातळ थर असतो. पिल्लं, म्हातारे आणि आजारी कुत्रे तर आणखी नाजूक. तेव्हा इतिहासाकडून उसनं घेऊन चार गोष्टी सांगतो.

पहिली, स्कॉटच्या घोड्यांकडून: कोरडं ठेवा. थंडीत अंघोळ घातली तर पूर्ण पुसून, वाळवूनच बाहेर सोडा. ओली चादर ही चादर नसल्यापेक्षा वाईट.

दुसरी, आमुनसेनकडून: जमिनीपासून वर आणि वाऱ्यापासून आड. फरशी अंगातली ऊब ओढून घेते. पुठ्ठ्याचं खोकं, खाली दोन विटा, आत कोरडं गोणपाट, तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला. रस्त्यावरच्या पिल्लांसाठी एवढं केलं तरी पुष्कळ. खर्च जवळजवळ शून्य.

तिसरी, एव्हान्सच्या कुत्र्यांकडून: कान, शेपूट, पंजे, पोट बघत जा. तुमच्यापैकी जे टोरंटोला, न्यू जर्सीला किंवा जर्मनीत शिकायला गेलेत, त्यांनी तर नक्कीच. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ पंज्यांना झोंबतं, आणि कुत्रा ते चाटतो. घरी आलात की कोमट पाण्याने पंजे धुवा, पुसा. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात त्या गोठणरोधक द्रवात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि मूत्रपिंडाला विष. सांडलेलं दिसलं तर लगेच पुसा. जनावराने चाटलं असेल तर तासाभराचीही वाट बघू नका, थेट पशुवैद्य गाठा. आणि मांजरं उबेसाठी गाडीच्या बॉनेटखाली शिरतात, म्हणून गाडी सुरू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारा.

कुत्रा थरथरतोय म्हणजे त्याचं शरीर अजून लढतंय. थरथर थांबली, तो सुस्त झाला, लडखडायला लागला, तर समजा प्रकरण गंभीर आहे. त्याला आत आणा, कोरडं करा, हळूहळू ऊब द्या. गारठलेला भाग चोळू नका, उकळतं पाणी, हीटर जवळ नेऊ नका. ब्रँडी पाजणं हा मूर्खपणा आहे. आपल्या गोळ्याही देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरू शकतं. लगेच डॉक्टरांना फोन करा.

आणि चौथी, त्या पंधरा कुत्र्यांकडून. हिवाळ्यात तीन दिवस गावाला निघालाय, कुत्रा गच्चीवर किंवा गेटला बांधलाय, आणि "शेजारचे बघतील" असं गृहीत धरलंय? शोवा तळावरही हेच गृहीत धरलं होतं. नवी माणसं येतील. निघण्याआधी त्या शेजाऱ्याला विचारा. त्याच्या हातात किल्ली द्या. त्याला जमणार नसेल तर दुसरा कोण, हेही ठरवा. आणि रात्री साखळी सोडा.

तुमच्या गल्लीत, सोसायटीत थंडीत जनावरांसाठी कुणी काही करतंय का? लिहून पाठवा, पुढच्या भागात त्यातलं काही वाचून दाखवू. तोवर काळजी घ्या, स्वतःची आणि दाराबाहेरच्याचीही.